घर मिळायला आधी घर लागतं

मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे त्याचं घोषवाक्य. याआधीचं धोरण २००७ सालचं, म्हणजे मधे तब्बल अठरा वर्षं गेली. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरं आणि त्यासाठी ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक, असं त्याचं उद्दिष्ट आहे. ज्येष्ठ नागरिक, नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांचा त्यात वेगळा विचार आहे, सरकारी जमिनींची भूबँक करण्याचं आश्वासन आहे आणि भाड्याच्या घरांचा उल्लेखही आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर राज्याने घरांचा विचार करावा, ही स्वागताचीच गोष्ट. पण घोषणेतल्या आकड्यावर टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. या राज्यात जो माणूस आज रात्री पुलाखाली झोपणार आहे, तो या ३५ लाखांपैकी एका घरापर्यंत नेमक्या कोणत्या वाटेने पोहोचणार? गेल्या पन्नास वर्षांतल्या सरकारी योजना एकेक करून तपासल्या, तर अशी वाटच नाही असं दिसतं. प्रत्येक योजनेच्या दारात त्याच्याकडे अशी एखादी गोष्ट मागितली जाते, जी फक्त घर असलेल्याकडेच असते.

आधी हा माणूस कोण, ते पाहू. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक रस्त्यावर उतरले आणि पदपथ, रेल्वे फलाट, देवळांचे ओटे, उड्डाणपुलाखालच्या जागा इथे झोपलेल्या माणसांची मोजणी झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर सापडले. महाराष्ट्रात हा आकडा दोन लाखांच्या वर होता आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत केलेली ही मोजणी अपुरी असणार, हे उघड आहे. बांधकामाच्या जागेवर, बंद दुकानाच्या फळीवर किंवा हातगाडीखाली झोपलेला माणूस प्रगणकाला सापडेलच असं नाही, आणि पोलिसांनी हुसकावल्यामुळे जो रोज जागा बदलतो तो तर नाहीच. ‘बेघर’ म्हटलं की आपल्यासमोर भिकाऱ्याचं चित्र उभं राहतं, तेही चुकीचं आहे. सकाळी नाक्यावर उभे राहणारे बिगारी, कचरा वेचणाऱ्या बाया, गजरे आणि फुगे विकणारी कुटुंबं, लग्नात वाढपी म्हणून जाणारी मुलं, बाजारातले हमाल असे कष्ट करून खाणारे लोक यात मोठ्या संख्येने आहेत. कामाजवळ परवडेल असं छप्पर नाही, म्हणून ते रस्त्यावर आहेत. १९८१ साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईतल्या पदपथवासीयांना पावसाळ्यात हुसकावून त्यांच्या गावी पाठवण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने हे ओळखलं, की ही माणसं पदपथावर राहतात ती जगण्याचं साधन तिथे आहे म्हणून, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. त्याच निकालाने रीतसर सूचना देऊन त्यांना हटवण्याची मुभाही महापालिकेला दिली. हक्क मान्य झाला आणि झोपड्या तुटत राहिल्या.

आता योजनांकडे वळू. सामान्य माणसाला सर्वांत ओळखीची ती म्हाडाची सोडत. २०२३ साली मुंबई मंडळाने ४,०८२ घरांची सोडत काढली, तेव्हा अनामत भरून आलेले अर्ज एक लाखाच्या वर होते. घरांची भूक किती आहे, हे एवढ्यावरूनच कळावं. त्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प उत्पन्न गटासाठी घरं होती आणि किंमत तीस लाखांच्या आसपास होती. बाजारभावाच्या मानाने हे स्वस्तच. पण अत्यल्प गटाची मुंबईतली मर्यादा वार्षिक सहा लाख, म्हणजे महिना पन्नास हजार. त्या वरच्या टोकावर असलेल्या कुटुंबालाही वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता पंचवीस हजारांच्या घरात जाणार. आणि महिना पंधरा हजार मिळवणारा? तोही कागदावर याच गटात मोडतो. शिवाय अर्जासोबत अधिवासाचा दाखला लागतो, उत्पन्नाचा पुरावा लागतो, पॅन लागतं, पंचवीस हजारांची अनामत लागते. पुढे बँकेचं कर्ज हवं तर पगाराची चिठ्ठी किंवा आयकर विवरण लागतं. नाक्यावरच्या बिगाऱ्याला रोज संध्याकाळी रोख पैसे मिळतात, त्याची चिठ्ठी कोण देणार? म्हाडाने लाखो मध्यमवर्गीय आणि निम्न मध्यमवर्गीय कुटुंबांना घरं दिली, हे तिचं ऋण या शहरावर आहेच. पण तिच्या सोडतीतून बेघरपणा कमी होईल अशी अपेक्षा करता येत नाही.

दुसरा दरवाजा झोपडपट्टी पुनर्वसनाचा. १९९५ साली युती सरकारने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं वचन दिलं. सरासरी पाच माणसांचं कुटुंब धरलं तर ही आठ लाख घरं होतात. त्यासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. कल्पना हुशारीची होती. सरकारच्या तिजोरीतून पैसा द्यायचा नाही, विकासकाला जादा चटईक्षेत्र द्यायचं, त्याने झोपडीधारकांसाठी इमारत बांधायची आणि उरलेल्या जागेवरची घरं बाजारभावाने विकून नफा कमवायचा. आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचं घर मोफत, असा हा मार्ग आहे. तीस वर्षांत त्या आठ लाखांच्या निम्मीही घरं उभी राहिलेली नाहीत. कारण योजनेच्या रचनेतच आहे. विक्रीची घरं महाग जातील अशाच ठिकाणी विकासक येतो, बाजार थंडावला की काम थांबतं, आणि मग झोपडी सोडून भाड्याने राहायला गेलेल्या कुटुंबांचं भाडंही थकतं. मुंबईत अशा शेकडो योजना रखडल्या. पण इथे मुद्दा वेगळा आहे. या योजनेत शिरायला झोपडी हवी, आणि ती ठरावीक तारखेच्या आधीची हवी. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, नंतर सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११. परिशिष्ट-२ नावाच्या पात्रता यादीत नाव येण्यासाठी मतदारयादी, वीजबिल, रेशनकार्ड असे त्या तारखेचे पुरावे द्यावे लागतात. पोटमाळ्यावर राहणारा अपात्र. झोपडीत भाड्याने राहणाऱ्याचं काय? नियम म्हणतो, प्रत्यक्ष जो राहतो त्याला घर. पण ज्याच्याकडे कराराचा कागद नाही, ज्याचं वीजबिल झोपडीमालकाच्या नावावर येतं, त्याने ते सिद्ध कशाने करायचं? आणि ज्याची झोपडी पाच वेळा तुटली, तो तर यादीत कुठेच नाही. झोपडी ज्याने टिकवली त्याला घर मिळतं. ज्याला तीही टिकवता आली नाही, त्या सर्वांत गरजू माणसाचं नाव यादीतून गळतं.

पंतप्रधान आवास योजनेतही असंच घडतं. तिचा सर्वाधिक चाललेला घटक म्हणजे स्वतःच्या जागेवर घर बांधायला मिळणारं अनुदान. त्यासाठी आधी जागा हवी. भागीदारीत बांधल्या जाणाऱ्या परवडणाऱ्या घरांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. उरलेली रक्कम लाभार्थ्याने उभी करायची. हा मार्ग नीट चालतो तेव्हा किती मोठं काम होतं, ते सोलापूरजवळच्या कुंभारी इथल्या रे नगरने दाखवलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा हा प्रकल्प माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. हातावर पोट असलेल्या बाईच्या नावावर पक्कं घर झालं, याचं मोल मोठं आहे. तरीही रे नगर कशामुळे शक्य झालं ते पाहायला हवं. शहराबाहेर स्वस्त जमीन मिळाली, सहकारी संस्था आधीपासून होत्या, वर्षानुवर्षं लढणारी संघटना होती, आणि कामगार एका शहरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले होते. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या बेघर माणसाकडे यातलं काहीच नाही.

स्वस्त घर म्हणजे मालकीचं घर, हे समीकरण सरकारने आणि आपणही इतकं पक्कं धरलं आहे की भाड्याचं घर हा शब्द धोरणाच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. खरं तर मुंबई भाड्याच्या खोल्यांवरच वाढली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. त्याने दाट वस्त्या पाडण्याचं काम जास्त केलं आणि बांधण्याचं कमी, अशी टीका झाली आणि ती रास्तही होती; पण त्याने कामगारांसाठी ज्या बीआयटी चाळी बांधल्या, त्या टिकल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसएक वर्षं राहिले. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभारल्या. तळमजला धरून चार मजले, मधून जाणारा लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि संडास. अशा सोळा हजारांहून अधिक खोल्या होत्या. त्या कोंदट होत्या, सुरुवातीला भाडं जास्त वाटल्याने बऱ्याच रिकाम्याही राहिल्या. पण कोकणातून, घाटावरून कामाला आलेल्या माणसाकडे तिथे कोणी पंधरा वर्षांपूर्वीचा पुरावा मागितला नाही. भाडं भरण्याची ऐपत एवढीच अट. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या तर याहून स्वस्त. एकेका खोलीत एकाच गावची वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपत, महिन्याला वर्गणी भरत, आणि ट्रंक ठेवायला भिंतीशी जागा मिळे. राहणं हलाखीचं होतं, यात शंका नाही. पण शहरात पाऊल टाकणाऱ्या गरिबाला पहिली पायरी होती. आज ती पायरीच तुटलेली आहे, आणि आपण सगळा पैसा जिन्याच्या वरच्या पायऱ्या रुंद करण्यात घालतो आहोत.

ही पायरी तुटली कशी? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत हे संरक्षण गरजेचं होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला. भाड्यातून रंगाचा खर्चही निघेना, म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली आणि भाड्यासाठी नव्या इमारती बांधणं बंद केलं. पागडी वाढली. १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर लावून मंडळ काढावं लागलं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी झाल्याचं म्हटल्यावर १९९९ चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची सोय झाली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. देशाच्या शहरी भागात १९६१ साली निम्म्याहून अधिक, ५४ टक्के कुटुंबं भाड्याने राहत. २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आलं. त्याच जनगणनेत शहरांत एक कोटी दहा लाख घरं रिकामी आढळली. खासगी मालकाने गरिबासाठी भाड्याचं घर बांधणं थांबवलं, सरकारनेही थांबवलं, तेव्हा ती गरज झोपडपट्टीने भागवली. २०११ मध्ये मुंबईच्या सुमारे ४२ टक्के लोकांचं घर झोपडपट्टीत होतं. आज शहरात नव्याने आलेल्या मजुराला खोली भाड्याने देणारा माणूस झोपडपट्टीतच सापडतो, आणि जिला तिथलंही भाडं झेपत नाही ती बाई मुलं घेऊन पुलाखाली जाते.

राज्य सरकारला हे कधी उमगलंच नाही असं नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला चार चटईक्षेत्र निर्देशांक द्यायचा, त्याने १६० चौरस फुटांची घरं बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायची आणि प्राधिकरणाने ती महिना आठशे ते पंधराशे रुपयांच्या आसपासच्या भाड्याने द्यायची. पाच वर्षांत पाच लाख घरं, असं उद्दिष्ट होतं. घरं तयार होऊ लागली, पण ती सांभाळायची कोणी, भाडं वसूल कोण करणार, भाडेकरू निवडायचा कसा, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली. तयार घरं प्रकल्पबाधितांकडे, संक्रमण शिबिरांकडे वळवली गेली. पनवेलजवळच्या कोन इथल्या घरांचं काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. भाड्यासाठी बांधलेल्या १६० फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांचं एक घर केलं गेलं आणि २०१६ च्या अखेरीस अशा २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी, मालकी हक्काने काढली गेली. कोविडच्या काळात इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, मग दुरुस्तीचा वाद झाला, आणि किल्ल्या हातात पडायला वर्षं लागली. गिरणी कामगारांचा हक्क शंभर टक्के खरा आहे. गिरण्यांच्या जमिनीवर त्यांना घर द्यायचं वचन होतं; पण २००१ मध्ये विकास नियमावली बदलली आणि फक्त मोकळ्या जागेचा हिस्सा द्यायचा असं ठरल्याने त्यांच्या वाट्याची जमीन आटली. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आणि मुंबईतली घरं त्याच्या एका छोट्या हिश्शाइतकी, अशी ही फसगत आहे. पण एका वंचित गटाचं देणं दुसऱ्या वंचित गटासाठी बांधलेल्या घरांतून फेडलं गेलं, आणि ज्या माणसासाठी त्या खोल्या होत्या त्याच्या बाजूने कोणी मोर्चा काढला नाही. बेघरांची संघटना नसते, त्यांचा मतदारसंघ नसतो, आणि त्यामुळे पहिली कुऱ्हाड त्यांच्या योजनेवर पडते.

भाड्याच्या घरांवरचा पहिला आक्षेप वजनदार आहे: सरकारला घरमालक होता येत नाही. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत हजारो घुसखोर आहेत, भाडी थकलेली आहेत. बीडीडीच्या खोल्यांची भाडी नाममात्र राहिली आणि खोल्या हस्तांतरित होत गेल्या. अनुभव खरा आहे. पण त्यातून निघणारा धडा वेगळा. या सगळ्या ठिकाणी भाडं खर्चाशी कधी जोडलंच गेलं नाही, आणि घर सांभाळणं हे कोणाचं मुख्य कामच नव्हतं. इमारत बांधणारं खातं तिची देखभालही करेल, असं आपण धरून चाललो. भाड्याची घरं चालवायला वेगळी संस्था लागते, जिचं यश किती इमारती उभ्या केल्या यावर मोजलं जाणार नाही. किती खोल्या भरलेल्या आहेत, किती भाडं जमतं, लिफ्ट चालते का, यावर मोजलं जाईल. ती महापालिकेची कंपनी असेल, सहकारी संस्था असेल किंवा निवारे चालवण्याचा अनुभव असलेली स्वयंसेवी संस्था असेल. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात ठेवता येतं आणि तूट राज्याच्या अर्थसंकल्पात उघडपणे दाखवता येते. ती तूट दिसेल म्हणून घाबरायचं कारण नाही. आजच्या योजनांत सरकार रोख पैसा देत नाही, चटईक्षेत्र देतं, म्हणून त्या फुकट वाटतात. पण जादा चटईक्षेत्र हीसुद्धा जनतेचीच संपत्ती आहे. त्याचा बोजा पाण्याच्या नळावर, गटारावर, शाळेवर आणि लोकलच्या गर्दीवर पडतो. फक्त तो अर्थसंकल्पात छापला जात नाही.

दुसरा आक्षेप असा, की गरिबाला भाड्याचं घर नको असतं, हक्काचं हवं असतं. त्याच्या दृष्टीने हे अगदी समजण्यासारखं आहे. ज्याची झोपडी कधीही तुटू शकते, ज्याला मालक कोणत्याही महिन्यात बाहेर काढू शकतो, त्याला मालकीशिवाय सुरक्षितता दिसतच नाही. म्हणजे त्याची खरी मागणी सुरक्षिततेची आहे, आणि लांब मुदतीचा, न्यायालयात टिकेल असा भाडेकरारही ती देऊ शकतो. शिवाय सगळ्यांची गरज एकसारखी नसते. चार महिने कामाला येणाऱ्याला, गावात शेती आणि म्हातारे आईबाप असलेल्याला, एकट्या बाईला किंवा नुकत्याच कामाला लागलेल्या मुलाला शहरात तीस वर्षांचं कर्ज नको असतं. आणि राज्याच्या बाजूनेही विचार करा. एकदा मालकीने दिलेलं घर सार्वजनिक साठ्यातून कायमचं जातं. पुनर्वसनातलं घर ठरावीक वर्षं विकायला बंदी असूनही कुलमुखत्यारपत्रावर विकलं जातं, हे सर्वश्रुत आहे. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाने ते विकलं तर त्याला दोष तरी काय द्यायचा? पण तीच खोली भाड्याची असती, तर साठ वर्षांत एकामागून एक दहा कुटुंबांना उपयोगी पडली असती.

तिसरा आक्षेप मुंबईत नेहमी ऐकू येतो: स्वस्त छप्पर दिलं तर लोंढे वाढतील. माणसं कामासाठी येतात, छपरासाठी नाही. छप्पर नसतानाही ती येतच आहेत. मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वेगाड्यांनी लाखो मजूर गावी परतले, तेव्हा भाडं भरायला पैसे नाहीत हे त्यांच्या जाण्याचं एक मोठं कारण होतं. बांधकामं आणि कारखाने मनुष्यबळाअभावी अडले, आणि मग त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राला परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना आणावी लागली. चंडीगडमध्ये आधीच्या योजनेतली रिकामी पडलेली दोन हजारांवर घरं त्यात भाड्याने दिली गेली. रिकाम्या सरकारी घरांची महाराष्ट्रातही वाण नाही, पण ती कुठे आहेत यावर सगळं ठरतं. चेंबूरच्या माहुलमध्ये रिफायनऱ्यांच्या शेजारी प्रकल्पबाधितांसाठी हजारो घरं बांधली गेली. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या कुटुंबांना तिथे पाठवलं, लोक आजारी पडले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की यापुढे कोणालाही तिथे पाठवू नका, आणि ज्यांना जायचं नाही त्यांना महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या. २०२५ मध्ये महापालिकेने तिथली घरं आपल्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तर अर्ज अगदीच तुरळक आले. गिरणी कामगारही मुंबईपासून लांबच्या शेलू-वांगणीची घरं नको म्हणतात ते याच कारणाने. घर चार भिंतींइतकंच नसतं, त्यात कामापर्यंतचं अंतर आणि श्वास घ्यायची हवाही येते.

बेघरांसाठी थेट असलेली सोय म्हणजे रात्र निवारे; त्यांच्याबद्दल थोडं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आदेश दिला की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक, चोवीस तास चालणारा निवारा हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी निधीही ठेवला गेला. मुंबईच्या सव्वा कोटी लोकसंख्येला या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात, आणि शहर त्याच्या जवळपासही गेलेलं नाही. पण समजा, सगळे झाले. तरी साडेबारा हजार माणसांची सोय होईल, म्हणजे २०११ च्या अपुऱ्या आकड्याच्याही पाव भागापेक्षा कमी. त्यातही पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, त्यामुळे कुटुंब तुटतं. वेचलेलं भंगार ठेवायला जागा नसते, म्हणून कचरावेचक तिथे जात नाहीत. निवारे हवेतच, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, घर सोडून आलेल्या बाईला तर तातडीने हवेत. ते बेघरपणावरचं उत्तर मात्र होऊ शकत नाहीत. त्याच वेळी १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. भीक मागणाऱ्याला किंवा तसं दिसणाऱ्याला पकडून भिक्षेकरीगृहात ठेवण्याचा अधिकार तो देतो. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. एका हाताने निवारा आणि दुसऱ्या हाताने अटक, असं करणाऱ्या सरकारवर रस्त्यावरचा माणूस विश्वास ठेवणार कसा? हा कायदा विधिमंडळाने स्वतःहून रद्द करायला हवा.

मुंबईतल्या सत्तावन्न हजार बेघरांना चौघांचं कुटुंब धरून खोल्या द्यायच्या, तर चौदा-पंधरा हजार खोल्या लागतात. आकडा दुप्पट धरला तर तीस हजार. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारने काही वर्षांत सोळा हजारांहून अधिक भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, आणि आजचं सरकार ३५ लाख घरांचं लक्ष्य ठेवतं आहे. त्या लक्ष्याच्या एक टक्काही यासाठी लागत नाही. म्हणजे अडचण ऐपतीची नाही. यादी कुठून सुरू करायची, याची आहे. केरळने २०१६ नंतर ‘लाइफ मिशन’ सुरू केलं तेव्हा आधी बेघर आणि भूमिहीन कुटुंबांच्या याद्या केल्या आणि मग घरं बांधायला घेतली. ओडिशाने २०१७ च्या कायद्याने झोपडीवासीयांना जमिनीचे हक्कच दिले. दोन्ही वाटा महाराष्ट्राने जशाच्या तशा घ्याव्यात असं नाही. मुंबईच्या जमिनीचा भाव वेगळा आहे. पण माणूस आधी आणि इमारत नंतर, हा क्रम घेण्यासारखा आहे. २०२७ च्या जनगणनेत बेघरांची पुन्हा मोजणी होणार आहे. राज्याने त्याआधीच प्रत्येक महानगरात आपली स्वतंत्र मोजणी करून नावानिशी यादी केली, तर आकड्यावरचा वाद संपेल.

भाड्याच्या घरांची परीक्षा आता टळणार नाही. धारावीच्या पुनर्विकासात जे अपात्र ठरतील, त्यांना धारावीबाहेर भाड्याची किंवा भाडे-खरेदी तत्त्वावरची घरं द्यायची असं सरकारने ठरवलं आहे. ती देवनार किंवा मुलुंडला कुठे असतील, भाडं कुटुंबाच्या कमाईच्या किती टक्के असेल, ते थकलं तर काय करायचं, आणि वीस वर्षांनंतर त्या इमारतींचा मालक कोण, हे आत्ताच लिहून ठेवायला हवं; कारण २००८ ची योजना याच प्रश्नांवर कोसळली. नव्या धोरणातली भूबँक तयार होताना रेल्वे स्थानकांपासून चालत जाता येईल असे काही भूखंड फक्त भाड्याच्या खोल्यांसाठी राखून ठेवावेत. त्या खोल्यांत एकट्याला खाट, कुटुंबाला खोली, तळमजल्यावर हातगाडी आणि भंगार ठेवायला जागा, आणि पात्रतेला अधिवासाच्या जुन्या पुराव्याऐवजी राज्याच्या बेघर यादीतलं नाव, एवढ्या चार गोष्टी पुरतील. आणि हे भूखंड पुढे कोणत्याही सरकारला विकता किंवा मालकी हक्काने वाटता येणार नाहीत, ही अट शासन निर्णयात नको, ती थेट मिळकत पत्रिकेवर नोंदवावी.